आवाज बदललाय

मंगळवार, १ ऑक्टोबर

डॉक्टरबाईंनी वही ठेवायला सांगितली आहे. वेळ, डावीकडचं, उजवीकडचं, एकूण. "एवढंच लिहा," म्हणाल्या. बावीस वर्षं कोर्टाच्या बातम्या देणाऱ्या बाईला एवढंच लिहा म्हणू नये.

तर प्रकरणाची हकिकत अशी. अस्मादिक, वय त्रेचाळीस, संस्कृत घेऊन पदवीधर, पोटासाठी वार्ताहर. प्रथम अपत्य, कन्या, वय दहा आठवडे. वरचा ओठ आणि टाळू जन्मतःच दुभंगलेली. चोखायचं तर तोंड आतून घट्ट बंद व्हावं लागतं. तिचं होत नाही, हवा निसटते. म्हणून माझं दूध यंत्राने काढायचं आणि मऊ बाटली दाबत दाबत तिच्या तोंडात सोडायचं. दिवसातून आठ वेळा, दर वेळी पंचवीस मिनिटं. डब्याचं दूध दोनदा देऊन पाहिलं, दोन्ही वेळा शीमध्ये रक्ताचे धागे आले. तेव्हा माझ्याखेरीज तिला पुरवठादार नाही.

पाच नोव्हेंबरला ओठाचं ऑपरेशन. अट एकच, वजन पाच किलो. आज चार किलो ऐंशी ग्रॅम.

तिला मी न्यायमूर्ती म्हणते. सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेते आणि निकाल राखून ठेवते.

आजचं एकूण ७४० मिली. आमच्या खोलीतलं टेबल डुगडुगतं आणि त्याबरोबर यंत्रही. शेवटी यंत्रासोबत आलेल्या माहितीपत्रकाची आठपदरी घडी करून पायाखाली सारली. अकरा भाषांत छापलंय. एकदाचा उपयोग झाला.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

घरातल्या कामांची वाटणी. मी दूध काढते. नवरा ते पाजतो आणि आकडे कॉम्प्युटरवर चढवतो. सासूबाई भांडी उकळतात. "पोरीची टाळू उघडी आहे, जंतू थेट आत जातील," हे त्यांनी मनावर घेतलंय. दर वेळी छातीला लावायची नरसाळी, बाटल्या, नरसाळ्यांखालच्या रबराच्या दोन पांढऱ्या चोची, सगळं पातेल्यात घालतात आणि घड्याळ लावून वीस मिनिटं शेजारी उभ्या राहतात. यंत्राच्या खोक्यात आणखी बरंच किडूकमिडूक होतं, तेही त्यांनी जपून ठेवलंय. सासूबाईंनी जपून ठेवलेली वस्तू पुन्हा दिसत नाही, पण हरवतही नाही.

मामंजी, म्हणजे सासरे, पाणीपुरवठ्याच्या पंपघरातून निवृत्त झालेत. चौतीस वर्षं अख्ख्या शहराला पाणी पाजलं. आता घरातच पंप आला, तर तो सुरू झाला की हे गृहस्थ वर्तमानपत्र तोंडासमोर धरतात. यंत्राला "ते" म्हणतात. मीही त्यांच्यासमोरून बाटल्या नेताना टॉवेल टाकून नेते. मर्यादा दोन्ही पक्षांकडून काटेकोर पाळली जाते.

सोमवार, ७ ऑक्टोबर

सकाळी वजन: ४२६०. शाबास, न्यायमूर्ती. तिथून थेट ऑफिस.

यंत्र लावायला मला जुन्या अंकांची खोली दिली आहे. खिडकी नाही, कडी नाही, धूळ मात्र भरपूर. दारावर कागद लावला: "बंद दालनात सुनावणी सुरू. प्रवेश नाही." अकराव्या मिनिटाला क्रीडा प्रतिनिधी आत. मी किंचाळले, तो किंचाळला.

"मॅडम, मला वाटलं गंमत आहे."

"गंमतच आहे. दार लावा बाहेरून."

आता यंत्र चालू असताना एक पाय दाराला टेकवून बसते. योगासनांत या आसनाला नाव नसावं.

बुधवार, ९ ऑक्टोबर

६९०. ऑफिसमुळे असेल.

संध्याकाळी खोलीत बसले होते, यंत्र चालू. दाराच्या फटीतून बाहेरची खोली दिसते. मामंजींनी रेडिओ बंद केला. बातम्या चालू असताना. मग मान वाकडी करून नुसते बसून राहिले. मला कळावं म्हणूनच ना? पाच मिनिटांनी सासूबाई आत आल्या.

"अगं, हे म्हणतायत की ते यंत्र फार आवाज करतं."

"आई, ते यंत्र आहे. बासरी नाही."

"मी आपलं सांगितलं. उगाच चिडू नकोस, दुधाला बाधतं."

चौतीस वर्षं ज्या माणसाने हत्तीएवढ्या पंपांशेजारी बसून डबा खाल्ला, त्याला माझ्या मुठीएवढ्या यंत्राचा आवाज सोसवत नाही. मी गोधडीची घडी केली आणि यंत्र तिच्यावर ठेवलं. आता घुर्र ऐवजी घुम्म येतं. घ्या शांतता.

सोमवार, १४ ऑक्टोबर

वजन ४३६०. आठवड्यात शंभर ग्रॅम. पाहिजेत एकशे ऐंशी. एकूण दूध ६१०.

काट्यावरच्या नर्सने विचारलं, "आई नीट जेवतात का?" माझ्याकडे पाहून नाही, नवऱ्याकडे पाहून. जणू मी गोठ्यात आहे. नवरा म्हणाला, "हो, जेवते ना." मी म्हटलं, "आणि पेंडही खाते." नर्सला हसू आलं नाही. नवऱ्यालाही नाही.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

५६०. सल्लागारांची यादी करते, म्हणजे राग नीट लावून ठेवता येईल.

सासूबाई: "माझ्या वेळी इतकं यायचं की पदर भिजायचा." दर वेळी हेच, दर वेळी पदर. दूध-तूप खा म्हणून मागे लागल्यात. न्यायमूर्तींना ते सोसत नाही म्हणून मला डॉक्टरांनीच बंद केलंय, हे चारदा सांगून झालं. "दूध न पिता दूध कसं येईल?" आई, गाय दूध पीत नाही.

नवरा: "टेन्शन घेऊ नकोस. टेन्शनने कमी होतं." या वाक्याने जेवढं टेन्शन येतं तेवढं दुसऱ्या कशाने येत नाही. त्याने आलेख काढून फ्रिजवर लावलाय. रेघ डावीकडून उजवीकडे सुरेख उतरते. घसरगुंडीसारखी. मी तो काढला, त्याने परत लावला, मी फाडला.

"अगं, माहिती आहे ती."

"माझ्या छातीची माहिती फ्रिजवर नको."

त्याने तुकडे गोळा केले. मग म्हणाला, "बाबा विचारत होते, आपण त्याचं काही बदलतो का अधूनमधून. मी म्हटलं, नाही, नवंच तर आहे." म्हणजे आता यंत्र बदलायला सांगतात. कमी आवाजाचं आणा. का नाही! बागेत बसून काढते ना दूध. म्हातारपणी माणसं इतकी नाजूक होतात हे मला ठाऊक नव्हतं.

सोमवार, २१ ऑक्टोबर

४४२०. साठ ग्रॅम. एकूण ५२०. फ्रिजरमधला साठा संपत आला.

काल एका लेखात वाचलं की चाळिशीनंतर पुरवठा टिकवणं अवघड जातं. लिहिणारा पुरुष. आज एका जमिनीच्या दाव्यात दोन भाऊ विहिरीवरून भांडत होते. विहीर माझी की तुझी. न्यायाधीशांनी विचारलं, "विहिरीला पाणी आहे का?" दोघेही गप्प. सगळं कोर्ट हसलं. मला रडू आलं. पुढच्या बाकावरच्या वकिलाने रुमाल दिला आणि म्हणाला, "मॅडम, जमीन त्यांची आहे, तुमची नाही."

वेळ वाढवली. पंचवीसऐवजी चाळीस मिनिटं. आठऐवजी दहा वेळा. दुखतं. कोरडंच ओढतंय असं वाटतं, किंवा ओढतच नाही असं. दोन्हींतलं खरं कोणतं ते सांगता येत नाही. यंत्राचा जोर सगळ्यात वरच्या आकड्यावर आहे. म्हणजे यंत्र आपलं काम करतंय. मीच करत नाही.

हे वाक्य परत वाचलं. खोडणार नाही.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

४७०.

मामंजी आज दारापर्यंत आले होते. चपलांचा आवाज आला, दारापाशी थांबला. यंत्र चालूच होतं. मी आतून विचारलं, "काय हवंय?" जरा चढ्याच आवाजात. चपला परत गेल्या. बाहेर सासूबाईंना म्हणाले, "तू जाऊन सांग ना, मी कसं सांगू." सासूबाई म्हणाल्या, "सांगितलंय मी मागेच. चिडते ती." मग रेडिओ लागला.

दारावर येऊन तक्रार करायची तयारी! मी गोधडीखाली आता उशीही सारली.

रविवार, २७ ऑक्टोबर

साठा संपला. आज शेवटची पिशवी वितळवली. न्यायमूर्ती बाटली संपल्यावरही ओठ हलवत राहिल्या. पुढची बाटली नव्हती. नवऱ्याने तिला खांद्यावर घेतलं आणि खोलीतल्या खोलीत फिरत राहिला. काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं.

सोमवार, २८ ऑक्टोबर

४४५०. तीस ग्रॅम.

सर्जनबाईंनी फाइल मिटली. "पाच तारीख रद्द. तीन आठवडे देते. तेव्हाही वजन नसेल तर खास डबा सुरू करू. तिला तो सोसेल अशी आशा करू." आशा करू! मी म्हटलं, "आणि नाही सोसला तर?" त्या म्हणाल्या, "तुम्ही थकलेल्या दिसता." हे उत्तर नव्हतं.

घरी आले. ऑफिसला कळवलंच नाही. सासूबाईंनी दारातच विचारलं, "किती भरलं?" आणि सांगितल्यावर म्हणाल्या, "माझ्या वेळी..."

पुढचं त्यांना बोलू दिलं नाही. काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. वार्ताहराने स्वतःविरुद्ध पुरावा तयार करू नये. पदर, आलेख, टेन्शन, सगळे निघाले. मग खोलीत गेले, गोधडीवरचं यंत्र उचललं, नळ्यांसकट, नरसाळ्यांसकट, बाहेर आणलं आणि मामंजींसमोरच्या टेबलावर आदळलं. त्यांच्या वर्तमानपत्रावर. बटण दाबलं.

"घ्या. ऐका. तीन आठवडे याचा आवाज तुमच्या कानाला टोचतोय ना? बसून पोटभर ऐका. तेवढं तरी कुणाचं भरू दे."

नवरा म्हणाला, "अगं!" सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला.

मामंजींनी आधी खिडकीकडे पाहिलं. मग न्यायमूर्तींकडे. मग यंत्राकडे, पहिल्यांदाच, सरळ. म्हणाले, "माझा चष्मा द्या कुणीतरी."

चष्मा लावला. डोळे मिटले. कान यंत्राला लावला, डॉक्टर छातीला लावतात तसा. मग माझ्याकडे न बघता एक नरसाळं उचललं आणि त्याच्या तोंडावर तळहात ठेवला.

"ओढत नाहीये."

"सगळ्यात वरच्या आकड्यावर आहे, मामंजी."

"मोटर ओढतेय गं. हे ओढत नाहीये. मधे कुठेतरी हवा खातंय." नरसाळं उलटं केलं, खालची रबराची चोच काढली, उजेडासमोर धरली. मीही वाकून पाहिलं. चोचीच्या टोकाला बारीक चीर असते, मिटलेली असायला हवी. ही आ वासून होती. आरपार खिडकी दिसत होती.

"झडप गेलीय. दोन्ही गेल्यात. पाण्यात फार उकळल्या की रबर असं सुजतं, मिटतच नाही. झडप मिटली नाही की ओढ राहत नाही." मग म्हणाले, "आपल्या पोरीच्या टाळूचं आहे ना, तसंच."

"कधीपासून?"

"नऊ तारखेपासून तरी. संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळी. मी तेव्हाच हिला म्हटलं होतं, आवाज बदललाय म्हणून सांग तिला."

सासूबाई म्हणाल्या, "मी सांगितलं होतं ना, आवाज करतं म्हणून."

यंत्र तेवढं घुर्र करत होतं. मी ते बंद केलं.

"मग मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. माझा आवाज ओळखू येण्यासारखा नव्हता.

"तू आत बसलेली असायचीस." हात जोडल्यासारखे केले त्यांनी. "मी म्हातारा माणूस. त्या दारावर येऊन काय म्हणू, सुनबाई?"

"झडप म्हणायचं, मामंजी! नुसतं झडप!"

ते मान खाली घालून बसले. सासूबाई उठून आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग खालचा खण, मग डबा. परत आल्या तेव्हा हातात हातरुमालाची पुरचुंडी होती. गाठ सोडायला त्यांना वेळ लागला. आत दोन पांढऱ्या चोची, कोऱ्या, टोक मिटलेलं.

"खोक्यात जादाच्या होत्या. हरवतील म्हणून ठेवल्या होत्या गं."

मला काहीतरी भयंकर बोलायचं होतं. सुचलंही होतं. त्यांच्याकडे पाहिलं तर त्या हातरुमालाची घडी घालत होत्या. चौकोनी, टोकाला टोक जुळवून. मी चोची उचलल्या आणि खोलीत गेले.

मामंजी मागून म्हणाले, "त्याची पुस्तिका कुठाय? किती दिवसांनी बदलायच्या ते लिहिलेलं असतं."

मी टेबलाच्या पायाखालून घडी ओढून काढली. पान चौथं, तिसरा मुद्दा, जाड ठशात: दर चार ते आठ आठवड्यांनी झडप बदला. पाच मिनिटांपेक्षा जास्त उकळू नका. चोवीस पानांचं निकालपत्र मी एका बैठकीत वाचते आणि त्यातली चूक दाखवते.

टेबल पुन्हा डुगडुगायला लागलं. पंचवीस मिनिटं एका हाताने धरून बसले. हल्ली एका वेळेला पन्नास निघायचं ते पंच्याऐंशी निघालं. जास्त नाही. पण छाती हलकी झाली, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मग मी तिथेच बसून रडले आणि शेवटी यंत्राला एक शिवी दिली. प्राकृतात.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

५६०. एका दिवसात.

आनंद व्हायला हवा. झाला नाही. राग आहे, आणि आता तो ठेवायला जागा नाही. सासूबाईंवर ठेवावा तर त्या आठ वेळा उठून, वीस-वीस मिनिटं, वाफेत उभ्या राहत होत्या. मामंजींवर ठेवावा तर त्यांनी रेडिओ बंद करून ऐकलं होतं. नवऱ्यावर ठेवावा, तर तो सोयीचा आहे, पण त्याने पेन्सिलीने आलेखावर नऊ तारखेला खूण करून "इथे काय झालं?" असं लिहिलं होतं. फाडलेला आलेख जोडून पाहिला तेव्हा दिसलं. उरले मी. मी गोधडी घातली. तिच्याखाली उशी.

चौघांत वाटला तर राग प्रत्येकी थोडाच येतो. पण तीन आठवडे भुकेली राहिली ती एकटी. तेव्हा मी तो वाटणार नाही. सध्या सगळा माझ्याकडेच ठेवते. पुढचं पुढे.

सोमवार, ४ नोव्हेंबर

४५९०. एकशे चाळीस. एकूण ६४०.

सासूबाई आता पाच मिनिटांनी पातेलं उतरवतात आणि मला येऊन सांगतात, "पाच झाली हं." दर वेळी. पदराची गोष्ट काढत नाहीत. मला त्या गोष्टीची सवय झाली होती, हे लिहून ठेवते, कुणाला सांगणार नाही.

सोमवार, ११ नोव्हेंबर

४८००! नर्सने काटा दोनदा शून्यावर आणला.

जुन्या अंकांच्या खोलीला कडी बसली. क्रीडा प्रतिनिधीने स्वतः बसवली, स्क्रू वाकडे.

सोमवार, १८ नोव्हेंबर

५०२०. सर्जनबाई म्हणाल्या, "बघा, टेन्शन कमी केलंत आणि झालं की नाही!"

मी त्यांना सगळं सांगितलं. झडपेसकट, साडेपाच मिनिटं, श्वास न घेता. शेवटी म्हटलं, "पुढच्या आईला जेवते का विचारायच्या आधी रबर तपासायला सांगा." त्यांनी लिहून घेतलं. लिहून घेतलंय हे मी वाकून पाहिलं.

गुरुवार ठरला.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

दोन तास दहा मिनिटं. बाहेर आली तेव्हा ओळखूच येईना. ओठ शिवलेला, सुजलेला, आणि त्यावर तेच जुने डोळे. निकाल अजून राखूनच. मला तिचा आधीचा ओठ आठवून एकदम आतून तुटल्यासारखं झालं. त्याची तयारी कुणी करून दिली नव्हती.

मामंजी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात माझं यंत्र मांडीवर घेऊन बसले होते. उघडं, टॉवेल न टाकता. समोरच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं, "काय आहे हो हे?" ते म्हणाले, "पंप."

गुरुवार, २८ नोव्हेंबर

टाळूचं ऑपरेशन वर्षाच्या आसपास. तोवर मी, यंत्र आणि आठ वेळा.

संध्याकाळी बसले होते. गोधडी काढून टाकलीय, घुर्र चालू. बाहेर रेडिओवर बातम्या. मधेच बंद झाल्या. चपलांचा आवाज आला, दारापाशी थांबला. मग दारावर दोन टकटक.

"सुनबाई."

"काय, मामंजी?"

खाकरले. पुन्हा खाकरले.

"झडप."

मी वहीतली तारीख पाहिली. बरोबर महिना झाला होता.